बियर्डीला नेमका कोणता किडा? रातकिडे, दुबिया की अजून काही?

शेपटीवाली
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज अडलं म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडे दीड महिन्यापासून एक बियर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडा, लाडाने बियर्डी) आहे. नाव गेरू, वय अंदाजे चार महिने, वजन ७४ ग्रॅम (स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलं, त्यावरून घरात एक भांडण होऊन गेलंय). देणाऱ्याने सांगितलं होतं, "मीलवर्मची वाटी आत ठेवा आणि विसरून जा." आठवडाभराने वाटीतल्या निम्म्या अळ्या तशाच आणि शीमध्ये नुसती सालपटं. मग रातकिड्यांवर आलो. ते गेरू धावून धावून खातो. पण रात्रभर किरकिर, डब्याला वास, आणि परवा सकाळी त्याच्या मागच्या पायाच्या बोटाला बारीकशी जखम दिसली. आत राहिलेल्या एखाद्या रातकिड्याने कुरतडलं असावं.

तर प्रश्न असा, की एकदा ठरवला की पुढची दहा वर्षं डोकं लावायला नको असा एकच किडा कोणता? यादीत सध्या रातकिडे, दुबिया आणि सोल्जर फ्लायच्या अळ्या आहेत. अट एकच, घरात झुरळ हा शब्द उच्चारलेलाही चालत नाही.

गंमतगोळा
मागे एकाने "क्रिकेट कसे सांभाळावेत" असा धागा काढला होता, मी स्कोअर बघायला आत गेलो होतो. यावेळी शीर्षक नीट वाचलं.

अट वाचून वाईट वाटलं ताई, कारण दुबिया म्हणजे झुरळच. घरी सांगा दुबईचे पाहुणे आलेत.

खवले
किड्यांचं नंतर. आधी दिव्यांचं सांगा. शेकायच्या जागेवर तापमान किती, ते कशाने मोजता, आणि यूव्हीबीची (ज्या अतिनील किरणांनी सरड्याच्या अंगात डी-३ जीवनसत्त्व तयार होतं त्यांची) ट्यूब आहे की नुसता बल्ब?

शेपटीवाली
@खवले, काचेला चिकटवायचा गोल काटा आहे, तो ३४ दाखवतो. यूव्हीबीचा छोटा वळणावळणाचा बल्ब आहे, टँकसोबतच आला होता.

@गंमतगोळा, माहीत आहे हो. म्हणून तर अट लिहिली :)

खवले
मग तुमच्या मीलवर्मच्या सालपटांचं निम्मं उत्तर इथेच सापडलं. तो चिकटवायचा काटा काचेचं आणि आसपासच्या हवेचं तापमान सांगतो. गेरू ज्या दगडावर पोट टेकून बसतो त्या दगडाचं नाही. इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक मिळते, ती दगडावर रोखून बघा. पिल्लाला शेकायच्या जागी ४० ते ४२ अंश हवेत आणि टँकच्या दुसऱ्या टोकाला २५ ते २८. हा प्राणी मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला. खाल्लेलं पचवायची ऊब त्याला स्वतःला तयार करता येत नाही, बाहेरूनच घ्यावी लागते. दगड गार असेल तर कुठलाही किडा पोटात नुसता पडून राहतो.

त्या वळणावळणाच्या बल्बऐवजी टँकच्या निम्म्याहून जास्त लांबीची टी-५ (बारीक, सरळ) यूव्हीबी ट्यूब बसवा, आणि ट्यूब उजेड देत असली तरी कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदला. उजेड चालू राहतो, यूव्हीबी आधीच घसरलेलं असतं.

आता किडे. सात वर्षांत मी बहुतेक सगळे पाळून, पळवून आणि मारून झालेत.

रातकिडा वाईट नाही. हलका, चरबी कमी, आणि पिल्लाला पळायला लावतो. त्याचा त्रास आपल्याला. ओल धरली की मरतो, भूक लागली की एकमेकांना खातो, पाण्याची वाटी ठेवली तर तिच्यात बुडून जीव देतो. (पाण्यासाठी गाजराचा तुकडा किंवा वॉटर जेल ठेवायचं.) किरकिर फक्त मोठे नर करतात, त्यामुळे पंख न फुटलेले लहान आणले तर रात्री शांत जातात. तुमच्या गेरूला तसेही लहानच हवेत. त्याच्या दोन डोळ्यांमधलं अंतर पाहा, त्याहून मोठा किडा द्यायचा नाही.

दुबियाबद्दल घरच्यांना हे वाचून दाखवा. ते घरातल्या सिंकखालचं झुरळ नव्हे. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, गुळगुळीत भिंत चढता न येणारा किडा. मादीला पंखांचे नुसते खुंट असतात. नराला पूर्ण पंख येतात, पण उडणं म्हणजे उंचावरून पडताना केलेली फडफड. मादी अंड्यांची थैली कोपऱ्यात ठेवून पळत नाही, ती पोटातच वागवते आणि जिवंत पिल्लं देते. वाढायला २८ ते ३२ अंशांची ऊब आणि थोडी दमट हवा लागते. एखादा निसटला तर तो कपाटाखाली संसार थाटत नाही, गार जागी सुस्तावतो. आवाज शून्य. वास, डबा कोरडा ठेवलात तर जवळजवळ नाही.

मात्र "रेड रनर" नावाचा तुर्केस्तानी (मध्य आशियातला) झुरळाचा प्रकार कोणी दिला तर तुमच्या घरासाठी नको. तो वाऱ्यासारखा पळतो, अंड्यांच्या थैल्या टाकत जातो, आणि मग तुमची अट खरंच मोडेल.

अर्धवट_जंतू
मीलवर्मची फार बदनामी झालीये. माझी राणी पाच वर्षांची आहे, आठवड्यातून दोनदा मीलवर्म खाते, ठणठणीत आहे. "मीलवर्म पोट फाडून बाहेर येतात" हे अजूनही लोक सांगतात, ते वाचलं की डोकं सटकतं. दातांखाली चावून, गिळून, जठराच्या आम्लात पडलेली अळी कुठे पोखरत बसणार?

खवले
पोखरण्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण पाच वर्षांच्या मादीचं पोट आणि चार महिन्यांच्या पिल्लाचं पोट सारखं नव्हे. मीलवर्मचं कवच जाड, मांस त्यामानाने कमी, कॅल्शियम नगण्य. गेरूला द्यायचेच तर नुकती कात टाकलेले पांढरे, मऊ निवडून, दोन-चार. वाटी भरून ठेवायची नाही. आणि "विसरून जा" हा सल्ला देणाऱ्याला आपण विसरून जाऊ.

सुई_आणि_सलाईन
पशुवैद्यक आहे, सरपटणारे प्राणी रोज बघते. तुंबलेलं पोट घेऊन येणाऱ्या बियर्डींच्या इतिहासात मला बहुतेक वेळा तीन गोष्टी सापडतात. गार टँक, पाण्याची कमतरता, आणि खाली पसरलेली वाळू किंवा भुसा. मीलवर्म असलाच तर चौथा. नाव मात्र त्याचंच होतं.

पण मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. "सर्वांत चांगला किडा" या प्रश्नात एक मेख आहे. किड्याला हाडं नसतात, आणि त्याचं कवच शिंपल्यासारखं चुन्याचं नसतं. म्हणून रातकिडा घ्या, दुबिया घ्या, मीलवर्म घ्या, सगळ्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम तुटपुंजं. सरड्याला हवं याच्या उलट, म्हणजे कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोन पट. आहारातून ते मिळालं नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. माझ्या टेबलावर येणारं पिल्लू तेव्हा कसं असतं सांगते. खालचा जबडा बोटाने दाबला तर रबरासारखा दबतो, पायाची बोटं उगाच थरथरतात, मागचे पाय बाजूला फेकत चालतं. मालक म्हणतात, "पण हे तर रोज वीस किडे खातं!"

याला अपवाद एकच, सोल्जर फ्लायची अळी. तिच्या कातडीतच कॅल्शियम साठवलेलं असतं. पण ती चावली गेली पाहिजे. अख्खी गिळली तर अख्खीच बाहेर पडते, मग कातडीतलं कॅल्शियमही तिच्यासोबत गेलं. शीमध्ये काळपट, न फुटलेल्या अळ्या दिसतात का बघत जा.

बाकी सगळ्या किड्यांवर कॅल्शियमची पावडर लागते. वाढत्या पिल्लाला जवळपास रोज एका जेवणाला, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा, आणि मल्टिव्हिटॅमिन साधारण आठवड्यातून एकदा. डी-३ असलेली पावडर की नसलेली, हे तुमच्या ट्यूबवर ठरेल, तेवढं आपापल्या डॉक्टरांना विचारा. दोन्ही बाजूंनी अति झालेलं पाहिलंय.

शेपटीवाली
पावडर मी लावत होते, पण रातकिडे पीठ फासल्यासारखे पांढरे झाले की गेरू तोंड फिरवतो.

खवले
पिशवीत किडे, त्यात चिमूटभर पावडर, पिशवी हलकेच दोनदा फिरवायची. बाहेर काढल्यावर कपाटावरच्या वस्तूवर धूळ बसते तेवढीच दिसली पाहिजे. आणि लगेच घालायचे. रातकिडा पाय, मिशा चाटूनपुसून थोड्याच वेळात स्वच्छ होतो, पावडर त्याच्या पोटात आणि डब्याच्या तळाशी.

डॉक्टरांच्या मुद्द्याला जोडून, किड्याच्या *आत* काय आहे ते पावडरीइतकंच महत्त्वाचं. विकत आणलेले रातकिडे प्रवासात उपाशी असतात, सोबतचा पुठ्ठा कुरतडून जगलेले. एक आणल्या आणल्या पारदर्शक डबीत घालून उलटा करून बघा. पोट चपटं, कड्या एकीत एक शिरलेल्या. मग त्याच डबीत गाजराची चकती आणि हिरव्या पाल्याचं एक पान टाका, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा उलटा करा. पोट फुगून कड्या एकमेकींपासून लांब गेलेल्या असतात आणि मधल्या पातळ पडद्यातून आतला हिरवट काळा पट्टा दिसतो. गेरूच्या पोटात जाणारं पान ते. चार महिन्यांचं पोर तुमच्या हातून पाला खात नसेल, तरी या वाटेने खातं.

यासाठी २४ ते ४८ तास पुरतात. कॅल्शियमचं तयार खाद्य देत असाल तर तेही एवढाच वेळ. महिनाभर तेच चारलं तर किडे मरायला लागतात, ते त्यांचं रोजचं अन्न नव्हे.

तुतीचं_पान
रेशीमकिड्याचं नाव कोणीच घेतलं नाही? निषेध!

मऊ, चरबी कमी, पाणी भरपूर, चावत नाही, उडी मारत नाही, आवाज नाही, आणि बिचारा पळूनही जात नाही. माणसाने हजारो वर्षं पाळून पाळून असा केलाय की पतंग झाला तरी उडता येत नाही. आजारातून उठलेल्या बियर्डीला मी आधी हेच देते. घरच्यांचाही आक्षेप नसतो, उलट लहान मुलं हातावर घेऊन बसतात.

अडचण एकच, तो तुतीशिवाय काही खात नाही. ताजं पान किंवा तुतीच्या पानांपासून केलेलं तयार खाद्य. पान ओलं राहिलं, डब्यात बुरशी धरली की रात्रीत सगळे काळे पडून संपतात. मी एकदा ओल्या हाताने पानं घातली होती. चाळीसच्या चाळीस गेले. तेव्हापासून पानं फडक्याने पुसून, हात पुसून, मगच झाकण उघडते.

गंमतगोळा
आमच्या घरात माझ्यासाठी कोणी पान पुसून देत नाही.

नवा_भिडू
एक विचारू का? मी दोन महिने संध्याकाळी बागेतून नाकतोडे, पतंग जे मिळेल ते पकडून घालतोय. जंगलात तो तेच खात असेल ना? फुकट आणि नैसर्गिक.

सुई_आणि_सलाईन
@नवा_भिडू, आजपासून बंद करा. प्लीज.

बागेतला किडा कुठल्या फवारणीतून आलाय ते कळत नाही, परजीवी सोबत आणतो ते वेगळंच. पण सगळ्यांत मोठी भीती संध्याकाळच्या पकडापकडीत काजवा येण्याची. काजव्यांच्या काही जातींत ल्युसिबुफॅगिन नावाची विषं असतात, भेकाच्या कातडीतल्या विषाच्या जातकुळीतली, थेट हृदयावर काम करणारी. बियर्डीचा जीव जायला एक काजवा पुरतो. १९९९ साली शास्त्रीय नियतकालिकात अशा मृत्यूंच्या नोंदी छापून आल्या आहेत. काजवा खाल्ल्यावर सरडा तोंड वासत राहतो, अंग काळं पडतं, आणि हातात वेळ फार थोडा असतो. आपण ज्या काजव्यांबद्दल बोलतोय त्यांच्यासोबत हा ऑस्ट्रेलियातला प्राणी वाढलेला नाही. तो काजवा तोंडातून थुंकून देईल या भरवशावर राहू नका.

टोमॅटो किंवा तंबाखूच्या झाडावरची हिरवी जाड अळीही नको. तीच जात हॉर्नवर्म म्हणून विकत मिळते, पण ती वेगळ्या खाद्यावर वाढवलेली असते. झाडावरच्या अळीच्या पोटात त्या झाडाचं विष असतं.

नवा_भिडू
बापरे. काजवे आमच्या इथे भरपूर आहेत. आजच बंद. धन्यवाद डॉक्टर.

अर्धवट_जंतू
हॉर्नवर्मचा विषय निघालाच आहे तर, दिसायला तो जबरदस्त, निळसर हिरवा, फुगलेला. पण आत जवळजवळ ८५ टक्के पाणी. उन्हाळ्यात किंवा कात टाकताना सुस्त झालेल्या सरड्याला एखादा झकास. पोटभर घातले तर शी पातळ. आणि तो वाढतो किती! बोटाच्या पेराएवढे आणलेले, आठवड्याने माझ्या बोटाएवढे झाले, राणीच त्यांना बघून मागे सरकली.

सुपरवर्मबद्दल माझा मूर्खपणा सांगतो. मीलवर्म फ्रिजमध्ये ठेवले की झोपतात आणि टिकतात, म्हणून सुपरवर्मचा डबाही ठेवला. सकाळी सगळे काळे, लिबलिबीत. दोन्ही दिसायला भाऊ वाटतात, पण सुपरवर्मला गारठा सोसत नाही. खोलीतच ठेवायचे. दाटीवाटीत असेपर्यंत ते कोषात जात नाहीत, एकेकटा वेगळा ठेवला की जातात, त्यामुळे डब्यात महिनोन्‌महिने अळीच राहतात. चरबी मात्र जास्त, मोठ्या बियर्डीलाच, आणि मोजून.

आणि मेणअळी, वॅक्सवर्म, म्हणजे निव्वळ चरबीची कुपी. एकदा चटक लागली की दुसऱ्या कशाला तोंड लावत नाहीत. राणीने माझ्याशी नऊ दिवस अबोला धरला होता.

सुई_आणि_सलाईन
नऊ दिवस कमीच. मोठा, धट्टाकट्टा बियर्डी त्याहूनही जास्त हट्ट चालवतो. पिल्लाच्या बाबतीत मात्र वाट बघू नका. दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर दाखवायला आणा.

बोटाच्या जखमेचं राहिलं. शेपटीवाली, रात्री टँकमध्ये एकही रातकिडा मागे ठेवू नका. चावतो हे एक कारण. दुसरं, तो सरड्याची शी खातो, आणि तोच रातकिडा सकाळी सरडा खातो. कॉक्सिडियासारखे परजीवी अशाने फिरत राहतात, औषध देऊनही संपत नाहीत. पिल्लाला दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढं, आणि उरलेलं बाहेर. वर्षाचा झाला की किडे आठवड्यातून दोन-तीन वेळा आणि रोज पाला, म्हणजे आत्ताच्या बरोब्बर उलटं प्रमाण. मोठेपणीही नुसते किडे चालू ठेवले तर यकृतावर चरबी आणि सांध्यांत युरिक ॲसिड, दोन्ही पाहते.

शेपटीवाली
एवढं वाचून डोकं गरगरतंय, पण छान गरगरतंय. बंदूक मागवली. दगडावर ३३ आलं!! दिवा खाली घेतला, आता ४१.

एक खाजगी अडचण होती. घरातल्या विरोधाचं कारण नुसती किळस नाही. आईला दमा आहे.

सुई_आणि_सलाईन
हे आधी सांगायला हवं होतं :) मग तो विरोध गंभीरपणे घ्या. झुरळांच्या विष्ठेची आणि कातीची बारीक धूळ दम्याच्या रुग्णाला त्रास देते, आणि हे दुबियालाही लागू आहे. रातकिडे आणि मीलवर्मचा भुस्साही पूर्ण निर्दोष नाही. ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे त्यांनाही किड्यांपासून त्रास होऊ शकतो, प्रथिनं सारखी असतात. डबा आईंच्या खोलीपासून लांब, साफसफाई बाहेर मोकळ्यावर, मास्क आणि हातमोजे घालून, आणि ती तुम्ही करायची. त्रास वाढला तर डबा घरातून जाईल, हे आत्ताच ठरवा.

तुतीचं_पान
आणि तसं झालं तर रेशीमकिडे आहेतच. (मी माझा मुद्दा सोडणार नाही.)

शेपटीवाली
सात आठवड्यांनी अपडेट. धागा वर काढल्याबद्दल माफी.

नवी ट्यूब लावली. बोट भरलं. गेरू काल ११८ ग्रॅम भरला, नव्या काट्यावर, तो आता त्याचाच आहे. मुख्य खाणं दुबियाची लहान पिल्लं, डबा बाल्कनीलगतच्या खोलीत, दार बंद. आई तिकडे फिरकत नाही आणि तिला अजून तरी काही जाणवलेलं नाही. आठवड्यातून एकदा लहान रातकिडे, कारण त्यांच्या मागे पळताना त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. सोल्जर फ्लायच्या अळ्या वाटीत घालते. पहिली वाटी दिव्याखालच्या उबेत विसरले आणि एका सकाळी काचेवर सात काळ्या माश्या! चावत नाहीत म्हणून बरं. गेरूने त्यातल्या पाच उड्या मारून पकडल्या. रेशीमकिडे एकदा आणले, तुतीताई, बुरशीने गेले. पुन्हा प्रयत्न करणार.

दुबियांचा एकच वैताग. टँकमध्ये सोडले की दगडाखाली घुसून मेल्यासारखे पडून राहतात आणि गेरू बघत बसतो. आता उंच काठाच्या काचेच्या वाटीतच सोडते. सकाळी आधी पाला, तासाभराने किडे, या क्रमाने आता दोन-चार पानं त्याच्या नकळत पोटात जातात.

घरात सगळे त्यांना "पाहुणे"च म्हणतात, @गंमतगोळा यांची कृपा. कालपासून तीन-चार पाहुण्यांना लांब पंख फुटलेत. हे नर ना? किती ठेवायचे?

खवले
हो, नर. तीन-चार माद्यांमागे एक पुरे. बाकीचे मोठ्या बियर्डीवाल्या कोणाला तरी द्या, गेरूच्या डोळ्यांमधल्या अंतरात ते अजून बसायचे नाहीत.

अर्धवट_जंतू
राणी तयार आहे.